डाएट बदलल्यापासून सारखं तोंड येतंय, नक्की कशाने?

शेवंती_ठाणे:
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी होणार आहे पण सगळं नीट लिहिल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही. दिवाळीनंतर वजन आणि गॅसेस दोन्हीसाठी खाणं बदललं. आधी आमचं साधंच, सकाळी पोहे नाहीतर चहा-पोळी, दुपारी पोळी भाजी वरण भात, रात्री खिचडी वगैरे. आता गहू पूर्ण बंद, दूध-दही बंद, चहासुद्धा बिनदुधाचा. उठल्यावर पाण्यात अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, मग अननस-किवी-पालकाची स्मूदी बदामाच्या दुधात, दुपारी नाचणी किंवा ज्वारीची भाकरी आणि मोठं बाऊलभर सॅलड ज्यात टोमॅटो असतो आणि वरून लिंबू पिळलेलं, चारच्या सुमारास मूठभर अक्रोड-बदाम, रात्री सूप. वजन उतरतंय, पोटही हलकं वाटतंय, त्यामुळे मला हे सोडायचं नाहीये.

पण तोंडाने वैताग आणलाय. जिभेच्या कडेला आणि खालच्या ओठाच्या आतून पांढुरके गोल फोड येतात, भोवती लाल, एक बरा होतोय तोवर दुसरा तयार. साधं फोडणीचं वरण झोंबतं. शिवाय स्मूदी पिताना जीभ सोलवटल्यासारखी होते, टाळू चुरचुरतो, ते वेगळंच. आधीही कधीतरी जागरण झालं की तोंड यायचं पण असं लागोपाठ कधीच नाही. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. मेडिकलमधून बी कॉम्प्लेक्स आणून घेतेय, फरक नाही.

सासूबाई म्हणतात अक्रोड-बदाम उष्ण पडले. मैत्रीण म्हणते शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, थोडे दिवस सहन कर. आणि मोबाईलवर सारखी एका रक्ततपासणीची जाहिरात येतेय, म्हणे दोनेकशे पदार्थांपैकी तुम्हाला काय सोसत नाही ते सांगतात, चांगली महाग आहे. ती करू का? का एकेक पदार्थ बंद करून बघू? कुणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

दापोलीची_काकू:
अगं शेवंती, रोज कच्चा अननस आणि त्यात किवी, जीभ सोलवटणारच की. आमच्याकडे अननस कुणी असा नुसता खात नाही, फोडी मिठाच्या पाण्यात ठेवतात नाहीतर सरळ शिजवून सासव करतात. अननसात ब्रोमेलेन म्हणून एन्झाइम असतं ते प्रोटीन तोडतं, म्हणजे जिभेच्या वरच्या नाजूक थरालाही सोडत नाही, आणि वर त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते टोचतात. किवीतही असंच एक एन्झाइम आहे आणि स्फटिकही. शिजवलं की एन्झाइम मरतं. सुरण आणि अळू घशाला खाजतं ते याच स्फटिकांमुळे, म्हणून तर सुरण आमसुलाच्या पाण्यात उकडायचं आणि अळूच्या फदफद्यात चिंच घालायचीच. हे आमच्या आजीला स्फटिकाचं नाव माहीत नसताना माहीत होतं.

आणि एक, तू काजू खातेस का ते लिहिलं नाहीस. भाजलेल्या काजूगराचं काही नाही, पण ओले काजू सोलताना सालीतलं तेल हाताला लागलं आणि तोच हात तोंडाला गेला तर ओठ असे फुटतात की बघवत नाही. आंब्याच्या देठाच्या चिकाचंही तेच, दोन्ही एकाच कुळातले. आमच्याकडे मे महिन्यात पोरांच्या ओठांच्या कडा काळ्या पडलेल्या असतात त्या देठाला तोंड लावून आंबा चोखल्यामुळे. तुझं ते नसणार, हिवाळ्यात कुठला आंबा, पण असं तोंड आलं की लोक आंब्याला उष्ण म्हणून मोकळे होतात आणि चीक धुवायचा राहतो म्हणून लिहिलं.

गावाकडचा_अभि:
ताई सासूबाईंचं ऐका. सुका मेवा भिजवल्याशिवाय खाऊ नका, अक्रोड तर नाहीच. रात्री भिजवा, सकाळी बदामाची साल काढून खा. सब्जा, गुलकंद, जेवणानंतर चमचाभर साजूक तूप. जाईची पानं मिळाली तर स्वच्छ धुवून चावा आणि थुंका, नाहीतर पेरूची कोवळी पानं. आमच्याकडे तोंड आलं की हेच करतात आणि आराम पडतो.

दातांची_डॉक्टर:
मी दंतवैद्य आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. तोंड न बघता निदान करणार नाही पण तुम्ही इतकं स्वच्छ लिहिलंय की थोडं बोलता येईल.

तुमच्या तोंडात दोन वेगळ्या गोष्टी चालल्यात असं मला वाटतं आणि त्या एकाच नावाखाली गेल्यामुळे गोंधळ होतोय. खाता-पिताना लगेच चुरचुर, जीभ सोललेली, टाळू हुळहुळा, हा झाला आम्लाचा आणि एन्झाइमचा त्रास, काकूंनी सांगितलाय तोच, त्यात व्हिनेगर, लिंबू आणि टोमॅटोची भर. हा कुणालाही होईल, याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत, पदार्थ बंद केला की काही दिवसांत जातो. अक्रोडाची तपकिरी सालही तुरट असते आणि तिने बऱ्याच लोकांचं तोंड चरचरतं, त्यामुळे अभि म्हणतात तसं भिजवून खायला काहीच हरकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ते गोल, मधे पांढुरके पिवळट आणि कडेला लाल असे फोड. त्यांना आम्ही अ‍ॅफ्थस अल्सर म्हणतो. ते साधारण एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतात, आठवडा-दोन आठवड्यांत वण न ठेवता भरतात आणि परत येतात. ज्याची मुळात तशी प्रवृत्ती आहे त्याला ते जागरण, टेन्शन, पाळी, दाताखाली गाल चावला जाणं, एवढ्यावरूनही येतात. तुमची प्रवृत्ती आधीपासून दिसते. खरखरीत कच्चं सॅलड आणि कडक सुका मेवा यांनी बारीक ओरखडे पडतात आणि तिथेच फोड उठतात, हे मी पेशंट्समध्ये नेहमी बघते.

तिसरा प्रकार, जो तुम्ही लिहिला नाहीत पण विचारून ठेवते: खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजणं, तोंडात घशात खाज, अंगावर गांधी? ती खरी अ‍ॅलर्जी. जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला, आवाज बसला तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

आता तुम्ही टूथपेस्ट कुठली वापरता ते बघा. फेस येण्यासाठी सोडियम लॉरिल सल्फेट घालतात, अ‍ॅफ्थस अल्सरवाल्या काही लोकांना ते सोसत नाही, त्याशिवायची पेस्ट मिळते, दोनेक महिने वापरून बघा. दालचिनीच्या स्वादाची पेस्ट किंवा च्युइंगम असेल तर तेही थांबवा. व्हिनेगर मात्र खरंच सोडा, फोडांपेक्षा मला तुमच्या दातांच्या एनॅमलची काळजी वाटते. आणि आंबट काही प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, आधी साध्या पाण्याने चूळ भरून अर्धा तास जाऊ द्या.

दुखण्यासाठी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, जेवणाआधी बधीर करणारं जेल. फोड फार असतील तर स्टेरॉइडची तोंडात लावायची पेस्ट असते पण ती डॉक्टरने बघून दिलेली बरी. लवंगेचं तेल किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी फोडावर ठेवणारे लोक माझ्याकडे भाजलेलं तोंड घेऊन येतात, ते कृपा करून कुणीच करू नका.

हे सगळ्यांसाठीच लिहिते, जागा मिळालीय तर. एकाच जागची जखम तीन आठवड्यांत भरली नाही, ती दुखत नसली तरी, हाताला टणक लागत असेल, किंवा तंबाखू, सुपारी, मावा यातलं काही खात असाल तर बी कॉम्प्लेक्स घेत बसू नका, दाखवा. आणि तिखट खाल्लं की सगळं तोंड जळतंय पण फोड एकही नाही आणि तोंडात उभी तीन बोटं मावत नाहीत, हे सुपारीने होतं. त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, ते पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतं. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे पण सुगंधी सुपारीला लोक अजून मुखशुद्धीच समजतात, लग्नाच्या पंगतीत लहान पोरांच्या हातावर ठेवतात. मला हे बघून फार त्रास होतो.

नगरचा_गहूबंद:
शेवंतीताई, तुम्ही गहू बंद केलाय हे वाचून थांबलो, म्हणून लिहितोय. मला सीलिअॅक आहे. म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रोटीनमुळे लहान आतड्याला इजा होते तो आजार. वर्षानुवर्षं सारखं तोंड यायचं, हिमोग्लोबिन कधी वर यायचंच नाही, पोट फुगायचं, सगळे म्हणायचे अॅसिडिटी. कुणीतरी सांगितलं म्हणून गहू सोडला, बरं वाटलं, आणि मग डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले आधी टेस्ट का नाही केली. कारण सीलिअॅकची रक्ततपासणी, टीटीजी आयजीए, ही रक्तातल्या ठरावीक अँटीबॉडीज मोजते आणि गहू खात असतानाच खरी दाखवते. गहू बंद केला की हळूहळू त्या अँटीबॉडीज कमी होतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आजार असूनही. मग परत सहा-आठ आठवडे रोज गहू खाऊन टेस्ट, वर एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा, ते दिवस मी कसे काढले मलाच माहीत.

तुम्हाला सीलिअॅकच आहे असं अजिबात म्हणत नाही. तुमचे फोड गहू बंद केल्यावर वाढलेत, म्हणजे उलटंच चाललंय, आणि बाकी कारणं डॉक्टर मॅडमनी सांगितलीच. पण तुम्ही लिहिलंय की गॅसेसचा त्रास आधीपासून होता, तोंडही अधूनमधून यायचं, आणि गहू सोडल्यावर पोट हलकं झालं. एवढं असताना एकदा टेस्ट करून मोकळं व्हावं असं मला कळकळीने वाटतं. उत्तर भारतातल्या एका मोठ्या पाहणीत साधारण शंभरात एक जण सापडला होता. आपल्याकडे भात-ज्वारी जास्त म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आणि दुसरं, ज्याला खरंच गहू चालत नाही त्याने पोळी सोडून भागत नाही हे मला फार उशिरा कळलं. बाजारच्या खड्या-पावडर हिंगात मैदा असतो, बहुतेक वेळा. मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू. सातूचं पीठ आपल्याकडे गव्हाचं नाहीतर जवाचं. रवा, शेवया, लापशी तर आलंच, सोया सॉससुद्धा. आणि गिरणी! ज्वारी स्वतः निवडून धुवून नेली तरी आधी कुणाचे गहू दळलेले असले की संपलं. आमच्या गिरणीवाल्या मामांनी माझ्यासाठी वेळ ठरवून दिली होती, सकाळी जातं साफ केल्यावर पहिलं दळण माझं, पण शेवटी घरगुती चक्की घेतली. तुम्ही नुसता वजनासाठी गहू सोडला असेल तर यातलं काहीही करायची गरज नाही, सीलिअॅक निघालं तर मात्र आयुष्यभर करावं लागतं, म्हणून आधी खात्री.

लॅबमधली_सई:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दोनशे पदार्थांची जी टेस्ट म्हणताय ती बहुतेक आयजीजी नावाच्या अँटीबॉडीची असते, तिच्यावर पैसे घालवू नका ताई. एखाद्या पदार्थाचं आयजीजी वर आलं म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख आहे एवढंच, म्हणजे जे तुम्ही रोज खाता तेच यादीत वर येतं, दूध, गहू, तांदूळ, शेंगदाणे. लोक मग ते सगळं सोडतात आणि खायला काही उरत नाही. युरोपातल्या अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ सालीच लिहून दिलंय की फूड अ‍ॅलर्जी किंवा इन्टॉलरन्स शोधायला ही टेस्ट वापरू नये, नंतर अमेरिका-कॅनडातल्या संस्थांनीही तेच सांगितलं. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट आणि वर दादांनी सांगितलेली टीटीजी करा, लोह, बी-१२ आणि फोलेट यातलं काही कमी असलं तरी तोंड येतं. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळतं ते दूध, दही, ताक, पनीर यातूनच, तुम्ही तेही बंद केलंय. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे पण बी-१२ नाही, बदामाच्या दुधातही नाही, वरून घातलेलं असेल तर पाकिटावर लिहिलेलं असतं.

इतक्या थोड्या दिवसांत दूध सोडल्याने बी-१२ संपत नाही, ते लिव्हरमध्ये साठलेलं असतं. पण आपल्याकडच्या शाकाहारी लोकांचा साठा आधीच तळाला असतो, आमच्याकडे रोजचे रिपोर्ट बघून सांगते. एक अडचण, तुम्ही बी कॉम्प्लेक्स सुरू केलंय त्यामुळे रक्तातला आकडा वर दिसेल, हे रक्त देताना आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा. घरात कुणी डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेत असेल तर त्यांचंही बी-१२ बघून घ्या, त्या गोळीने कमी होतं.

श्टुटगार्टहून_मंदार:
माझी केस वेगळी पण कुणाला उपयोगी पडेल. इथे आल्यावर दोन-तीन वर्षांनी कच्चं सफरचंद खाल्लं की लगेच ओठ आणि टाळू खाजायचा, पुण्यात आयुष्यभर सफरचंद खाल्लं, कधी काही नाही. निघालं काय तर बर्च नावाच्या झाडाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी. वसंतात इथे बर्चचे पराग उडतात, नाक वाहतं, आणि सफरचंद, चेरी, हेझलनट, कच्चं गाजर यातली प्रोटीन्स त्या परागांसारखीच असतात त्यामुळे शरीर फसतं. शिजवलेलं सफरचंद मी आरामात खातो. इथे एक महत्त्वाचं, बर्चवाल्या लोकांनी दूध सोडून एकदम ग्लासभर सोयाचं दूध किंवा सोया प्रोटीन शेक घेऊ नये, काहींना त्याने जोरात रिअ‍ॅक्शन येते, मला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी बजावलंय. भारतातून इकडे येऊन व्हीगन होणारे बरेच आहेत म्हणून लिहिलं.

गावाकडचा_अभि:
सई ताई, डॉक्टर मॅडम, टेस्ट ठीक आहे पण प्रत्येक गोष्टीला टेस्ट कशाला. आमच्या आज्या-पणज्यांनी पानं चावूनच भागवलं ना.

दातांची_डॉक्टर:
अभि, पानं चावायला माझा विरोध नाही, तुरट पानांनी तात्पुरता आराम पडतो, तुपानेही फोडावर थर बसतो आणि झोंबणं कमी होतं. माझं म्हणणं एवढंच की चार दिवसांत आराम पडला आणि परत फोड आला, परत पानं, असं वर्षभर चाललं तर आत लोह किंवा बी-१२ कमी असलेलं तसंच राहतं. आणि हो, वर एक राहिलं, शेवंतीताईंना लागू नाही पण डाएट सुरू करताना बरेच लोक त्याच सोमवारी सिगारेट किंवा तंबाखूही सोडतात. सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे अल्सर येतात, हे माहीत असलेलं आहे. लोक घाबरून परत सुरू करतात. करू नका, ते फोड जातात.

शेवंती_ठाणे:
बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. सिगारेट-सुपारी काही नाही. ओठ सुजणं, खाज असंही नाही. टूथपेस्ट आत्ता जाऊन बघितली, त्यात ते लॉरिल सल्फेट आहे. आणि गंमत नाही, पण हिंग-मेतकूट दोन्ही मी रोज खातेय, म्हणजे माझा गहू तसाही पूर्ण बंद नव्हता.

आता असं ठरवलंय, व्हिनेगर बंद, स्मूदीतून अननस-किवी काढून केळं नाहीतर पपई, सॅलडऐवजी थोडे दिवस वाफवलेल्या भाज्या, सुका मेवा भिजवून. पेस्ट बदलते. दह्याचं ताक दुपारी परत सुरू. काय खाल्लं आणि फोड कधी कुठे आला ते वहीत लिहिते. तोंड पूर्ण बरं झालं की मग यातली एकेक गोष्ट आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने परत आणून बघते. सोमवारी फॅमिली डॉक्टरांची वेळ घेतलीय.

फक्त गव्हाचं कळेना. आत्ताच टीटीजी करू का आधी पोळ्या सुरू करू?

दापोलीची_काकू:
पपई पिकलेलीच घे गं, कच्च्या पपईचा चीकही अननसासारखाच.

नगरचा_गहूबंद:
डॉक्टरांना विचाराच, पण मला माझ्या पोटविकार तज्ज्ञांनी जे समजावलं ते सांगतो. तुम्हाला गहू सोडून फार दिवस झालेले नाहीत, अँटीबॉडीज एका दिवसात जात नाहीत, त्यामुळे आत्ता केली आणि पॉझिटिव्ह आली तर पुढचा रस्ता लगेच कळतो, परत पोळ्या खायचा त्रास वाचतो. निगेटिव्ह आली तर मात्र सुटलो असं समजायचं नाही, मग डॉक्टर सांगतील तितके आठवडे दोन वेळच्या जेवणात पोळी खाऊन परत करायची. नुसतं मेतकूट-हिंगाचं प्रमाण टेस्टसाठी पुरत नाही. आणि चिठ्ठीवर टीटीजीसोबत टोटल आयजीए लिहून घ्या, काही लोकांच्या रक्तात आयजीए (ही टेस्ट ज्या प्रकारच्या अँटीबॉडीज मोजते तो प्रकार) मुळातच कमी असतं, त्यांची टीटीजी आजार असूनही निगेटिव्ह येते.

शेवंती_ठाणे:
लिहून घेतलं दादा. रिपोर्ट आला की इथेच टाकते.